केस कोणाला मिळते?

5 जानेवारी 2023 ला यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरवर, तिथेच दाखल असलेल्या रुग्णाने चाकूने हल्ला केला. त्याच्या चौदा महिने आधी, 10 नोव्हेंबर 2021 च्या रात्री, याच महाविद्यालयाच्या आवारात एमबीबीएसच्या एका विद्यार्थ्याचा भोसकून खून झाला होता. दोन्ही वेळा डॉक्टर आणि विद्यार्थी संतापून बाहेर पडले, काम बंद ठेवलं. मागणी एकच होती: आम्हाला सुरक्षा द्या. मागणी रास्त होती. सोळा तालुक्यांचा जिल्हा आणि वर तेलंगणाच्या हद्दीतून येणारे रुग्ण, असा सगळा भार ज्या एका रुग्णालयावर आहे, तिथला डॉक्टर जीव मुठीत धरून काम करू लागला तर त्याचा फटका शेवटी खाटेवरच्या माणसालाच बसतो.

सुरक्षारक्षक मात्र वॉर्डाच्या दाराशी उभा राहतो. शस्त्रक्रिया विभागांत होणाऱ्या छळाचा मोठा भाग त्या दाराच्या आत घडतो आणि छळणाऱ्याच्या गळ्यातही रुग्णालयाचंच ओळखपत्र असतं. हे कुण्या एका महाविद्यालयाचं दुखणं नाही. मुंबईपासून मेलबर्नपर्यंत जिथे जिथे सर्जन घडवले जातात, तिथे तिथे ते कमीअधिक प्रमाणात आहे. त्याचं मूळ समजून घ्यायचं तर सर्जन घडतो कसा, तिथून सुरुवात करावी लागते.

पुस्तक वाचून कुणालाही पोट उघडता येत नाही. ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते. एमएसच्या तीन वर्षांत पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, म्हणजे जेआर वन, मुख्यतः रिट्रॅक्टर धरतो. उघडलेल्या पोटाची कड धातूच्या वाकड्या पट्टीने ओढून धरायची, म्हणजे आत काम करणाऱ्याला नीट दिसतं. दीड-दोन तास तसंच उभं राहायचं. बोटं बधिर होतात, खांदा भरून येतो, पण हात तसूभर हलला की समोरून आवाज येतो, ‘नीट धर!’ पुढे कातडीचे टाके घालायला मिळतात, मग हायड्रोसील, हर्निया, अपेंडिक्स आणि तिसऱ्या वर्षी आतड्याची मोठी कामं. या सगळ्या वाटचालीला निवासी डॉक्टरांच्या बोलीत एकच शब्द आहे: केस मिळणं. ‘तुला किती केसेस मिळाल्या?’ हा तिथला खरा गुणपत्रकाचा प्रश्न.

केस कोणाला द्यायची, हे युनिटचे वरिष्ठ ठरवतात. टेबलापाशी उभं राहून किंवा हात धुता धुता, एका वाक्यात. आजची अपेंडिक्स कोण करणार, याचा निर्णय कुठे लिहून ठेवला जात नाही. ज्याला डावललं त्याला कारण हवं असेल तर ‘अजून तुझा हात बसलेला नाही’ एवढं सांगितलं की पुरतं. आणि केस मिळाल्याशिवाय हात बसत नाही. असा हा फास आहे. थप्पड मारली तर वळ उठतो, घाणेरडा मेसेज पाठवला तर मोबाईलमध्ये राहतो, पण केस न देण्याला साक्षीदार नसतो. वर प्रबंधावर गाईडची सही लागते, लॉगबुकवर सही लागते आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतिम परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांबरोबर आपल्याच विभागातले वरिष्ठही बसलेले असतात. शिकवणारा, कामाला लावणारा, परीक्षा घेणारा आणि पुढे नोकरीसाठी चार शब्द टाकणारा माणूस एकच असला, की त्याच्याविरुद्ध तोंड उघडायला किती धाडस लागेल?

2023 च्या मे महिन्यात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेत्रविभागाचे निवासी डॉक्टर संपावर गेले, तेव्हा त्यांच्या तक्रारींमध्ये अग्रभागी हेच होतं, की आम्हाला शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत. वरिष्ठांनी आरोप फेटाळले आणि राजीनामे दिले. खरंखोटं काय ते तपासण्याआधीच लोक दोन बाजूंना वाटले गेले. पण ‘केस मिळत नाही’ हे दुःख सामान्य वाचकाच्या कानावर पडलं, हेही तितकंच खरं.

त्याच्या चार वर्षं आधी मात्र याच मुंबईत एक जीव गेला होता आणि तिथेही आरोपांत हेच दुःख होतं. डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातल्या, तडवी भिल्ल समाजातल्या. नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होत्या. ही शाखा नावाने वेगळी असली तरी रोजचं काम शस्त्रक्रियेचंच: सिझेरियन, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, रात्री-बेरात्री येणारा रक्तस्राव. 22 मे 2019 ला त्यांनी आत्महत्या केली. त्यांना तीन वरिष्ठ महिला डॉक्टर जातीवरून हिणवत होत्या, रुग्णांदेखत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणउतारा करत होत्या, प्रसूती आणि शस्त्रक्रियेच्या कामापासून लांब ठेवत होत्या, असा कुटुंबाचा आरोप. आई आबेदा तडवी स्वतः कर्करोगाच्या उपचारांसाठी नायरलाच येत. लेकीला मिळणारी वागणूक त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि घरच्यांनी ती वरिष्ठांच्या कानावरही घातली होती, असं त्यांचं सांगणं आहे. आत्महत्येस प्रवृत्त करणं, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि 1999 चा महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा यांखाली गुन्हा दाखल झाला. आरोपींनी आरोप नाकारले आहेत. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्याच महाविद्यालयात परतण्याची मुभा दिली.

दोष सिद्ध होईपर्यंत कुणाचं शिक्षण अडवू नये, हे तत्त्व म्हणून मान्यच करावं लागतं. पण एक प्रश्न त्यातून सुटत नाही. कुटुंबाने आधी सांगितलं तेव्हा ते ऐकून घेऊन कागदावर उतरवणारं, त्या मुलीला निर्धास्तपणे दुसऱ्या युनिटमध्ये हलवणारं आणि चौकशीला लागणारं कुणी तिथे का नव्हतं? खटल्याने या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, कारण तो न्यायालयाच्या फार अलीकडे, विभागप्रमुखाच्या केबिनमध्ये सुटायला हवा होता.

यवतमाळसाठी पायल तडवींची गोष्ट दूरची नाही. गोंड, कोलाम, आंध, परधान, बंजारा अशा समाजांच्या या जिल्ह्यातून आता डॉक्टर होणारी मुलं-मुली निघतात. तांड्यावरच्या, पोडावरच्या घरात हा पहिलाच डॉक्टर असतो. कॉलेजात पाय ठेवल्यावर त्याला पहिला प्रश्न येतो, ‘नीटची रँक किती?’ विचारणाऱ्याला रँकशी देणंघेणं नसतं. रँक सांगितली की जात कळते, हा त्यामागचा हिशेब. नंतर हातून एखादी गाठ सैल पडली तर ‘कोट्यातून आलेत’ हे ठेवलेलंच असतं. सवर्ण घरातल्या मुलाची गाठ सैल पडली तर ती फक्त सैल गाठ असते. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या समितीने 2007 मध्ये दिल्लीच्या एम्सची तपासणी केली, तेव्हा वसतिगृहात पडलेले वेगळे मजले, शिक्षकांनी कमी दिलेला वेळ, तोंडी परीक्षेत जात काढून घेण्याचे प्रकार असं बरंच काही बाहेर आलं. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेचं ते चित्र होतं.

ओळखीवरून डावलण्याची ही रीत जुनी आहे आणि तिचा एक धागा थेट महाराष्ट्राच्या इतिहासात येतो. 18 नोव्हेंबर 1870 ला एडिंबरा शहरात सर्जन्स हॉल नावाच्या इमारतीत शरीररचनेची परीक्षा द्यायला वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या काही तरुणी निघाल्या. दाराशी शेकडोंचा जमाव होता. त्यांच्यावर चिखल फेकला गेला, शिव्या दिल्या गेल्या, त्या आत पोचल्या तर मागून सभागृहात एक मेंढी ढकलण्यात आली. सात जणींच्या या गटात एडिथ पीची होत्या. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या पहिल्या वेळी बसणाऱ्यांत अव्वल आल्या होत्या, पण त्यांच्या हक्काची शिष्यवृत्ती बाई म्हणून त्यांना नाकारून खालच्या क्रमांकाच्या मुलाला दिली गेली. याच पीचीबाई 1883 मध्ये मुंबईत आल्या, कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि नकोसं लग्न नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंना लंडनला वैद्यकीय शिक्षण घ्यायला त्यांनी पाठबळ दिलं. रखमाबाई 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी सुरत, राजकोटमध्ये रुग्णसेवा केली. चिखल फेकणारा जमाव आता राहिलेला नाही. हक्काची गोष्ट काढून दुसऱ्याला देणं मात्र अजून चालू आहे.

आकडे काय सांगतात? भारतात केवळ शस्त्रक्रिया क्षेत्रातल्या छळाची मोठी मोजणी चर्चेत आलेली नाही, म्हणून बाहेर पाहावं लागतं. ब्रिटनमध्ये 2023 साली शल्यक्षेत्रातल्या 1,434 जणांच्या पाहणीत 63.3 टक्के स्त्रियांनी गेल्या पाच वर्षांत सहकाऱ्यांकडून लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. 29.9 टक्के स्त्रियांवर, म्हणजे जवळपास तिघींतल्या एकीवर, सहकाऱ्याने लैंगिक हल्ला केला होता. यातले काही प्रकार थेट ऑपरेशन थिएटरमध्ये, रुग्ण भुलीखाली असताना घडलेले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या सर्जनांच्या रॉयल कॉलेजने 2015 मध्ये स्वतःच तज्ज्ञ नेमून चौकशी करून घेतली. 49 टक्के जणांनी भेदभाव, दादागिरी किंवा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. कॉलेजने त्याच वर्षी जाहीर माफी मागितली आणि पुढे सर्जनांच्या वर्तनासाठी सक्तीचं प्रशिक्षण सुरू केलं. या सगळ्याला तोंड फुटलं होतं सिडनीच्या एका ज्येष्ठ महिला सर्जनच्या उद्गारांनी. वरिष्ठाला नकार देऊन तक्रार करण्यापेक्षा त्याची मागणी मान्य करणाऱ्या मुलीचं करिअर वाचतं, असं त्या उघडपणे बोलल्या आणि देश हादरला. त्यांना तसा सल्ला द्यायचा नव्हता. व्यवस्था कुठे जाऊन पोचली आहे, ते त्या दाखवत होत्या.

सर्वांत बोलका अभ्यास अमेरिकेचा आहे. 2018 मध्ये जनरल सर्जरीच्या 7,409 निवासी डॉक्टरांना प्रश्न विचारले गेले आणि निष्कर्ष पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. 65.1 टक्के स्त्रियांनी लिंगभेद अनुभवला होता. शिवीगाळ, अपमान यांचा प्रमुख स्रोत वरिष्ठ सर्जन होते. पण लिंगभेद आणि वंशभेद यांत सर्वाधिक वाटा रुग्ण आणि नातेवाइकांचा होता. आणखी एक गोष्ट. स्त्री निवासी डॉक्टरांमध्ये थकवा आणि खचलेपण पुरुषांपेक्षा जास्त दिसत होतं. संशोधकांनी छळाचा हिशेब बाजूला काढून पुन्हा गणित मांडलं, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. ‘बायकांना सर्जरी झेपत नाही’ म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर सापडणं अवघड आहे. बायकांना सर्जरी झेपते, छळ झेपत नाही, आणि तो पुरुषांनाही झेपत नाही.

पुरुषांची गोष्ट मुद्दाम काढायची, कारण ती सहसा निघत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने 2024 मध्ये मानसिक स्वास्थ्यावरचा अहवाल दिला. त्यातल्या पाहणीत भाग घेतलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी जवळपास 31 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं नोंदवलं. त्यात मुलगे आणि मुली दोघंही आहेत. आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नको आणि एक दिवस सुटी हवी, अशी शिफारस त्या अहवालात आहे. सर्जरीच्या जेआर वनला हे वाचून दाखवलं तर त्याचा विश्वास बसणार नाही, कारण सलग छत्तीस तासांची ड्युटी त्याच्या ओळखीची आहे.

रुग्ण आणि नातेवाइकांच्या वाट्याबद्दल यवतमाळच्या वाचकाने जरा थांबून विचार करावा. सर्जरीचा वॉर्ड, सकाळचे आठ. रात्री अडीच वाजता फुटलेलं अपेंडिक्स काढून, कपडे बदलायलाही वेळ न मिळालेली महिला डॉक्टर राउंडवर येते, ड्रेसिंग उघडून पाहते, नळीत साचलेलं पाणी मोजते. म्हाताऱ्याच्या उशाशी बसलेला लेक सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, ‘सिस्टर, डॉक्टर सायेब कवा येतीन?’ ती म्हणते, ‘मीच डॉक्टर. ऑपरेशन मीच केलं.’ तो मान हलवतो आणि पुन्हा विचारतो, ‘हो, पण मोठे डॉक्टर?’ त्याच्या मनात वाईट काही नाही. ज्यांनी त्याच्या बापाचं पोट उघडून शिवलं, ते हात त्याच्या डोळ्यांपुढे पुरुषाचेच येतात, एवढंच. दिवसाला दहा वेळा हे ऐकणाऱ्या मुलीच्या मागे मात्र युनिटमधला कुणी उभा राहून ‘याच तुमच्या डॉक्टर’ असं म्हणत नसेल, तर बाहेरचा हा अविश्वास आणि आतली उपेक्षा एकमेकांत मिसळतात आणि ती स्वतःवरच शंका घ्यायला लागते.

बारीकसारीक गोष्टींतही हेच दिसतं. कित्येक जुन्या थिएटरांत ‘डॉक्टर्स चेंजिंग रूम’ अशी एकच पाटी आहे आणि ती पुरुषांची आहे. महिला सर्जन सिस्टरांच्या खोलीत कपडे बदलते. केसवरची अर्धी चर्चा, उद्या कोणाला काय मिळणार याचा निम्मा निर्णय त्या पुरुषांच्या खोलीत चहा पिता पिता होतो आणि ती तिथे नसते. टेबलाची उंची मुख्य सर्जनच्या सोयीची, पायाखाली स्टूल मागितलं तर हशा. सहा नंबरचे हातमोजे संपलेले, साडेसात घालून काम कर. ‘लग्न कधी?’ हा प्रश्न एमएसच्या पहिल्या आठवड्यात, आणि लग्न झालेल्या मुलीला ‘आता लगेच रजा टाकू नकोस’. एमबीबीएसच्या वर्गात निम्म्याच्या आसपास मुली दिसतात. सर्जरीच्या युनिटमध्ये त्या कमी होतात, अस्थिरोगात तर बोटावर मोजण्याइतक्या उरतात. मुलींनी सर्जरी निवडली नाही, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. निवडू नये म्हणून किती जणांनी त्यांना समजावलं, तेही मोजायला हवं.

‘शिव्या खाल्ल्याशिवाय सर्जन होत नाही’ हे वाक्य या क्षेत्रात वडीलधाऱ्या थाटात सांगितलं जातं. ज्येष्ठांनी स्वतःही ते सोसलेलं असतं, म्हणून त्यांना ते खरं वाटतं. त्याची परीक्षा झालेली आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भूलशास्त्राच्या 76 निवासी डॉक्टरांना कृत्रिम थिएटरमध्ये, आतून रक्तस्राव होत असलेला नकली रुग्ण हाताळायला दिला. काहींच्या समोरचा सर्जन शांत होता, काहींच्या समोरचा खेकसणारा. शांत गटातल्या 91.2 टक्के डॉक्टरांचं काम अपेक्षेइतकं उतरलं, खेकसण्याच्या गटात 63.6 टक्क्यांचंच. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात 202 सर्जन आणि त्यांचे 13,653 रुग्ण तपासले गेले. ज्या सर्जनांच्या वागणुकीविरुद्ध सहकाऱ्यांच्या तक्रारी होत्या, त्यांच्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत अधिक निघाली. म्हणजे थिएटरमध्ये फेकलेली कात्री ज्युनियरला लागली नाही, तरी टेबलावरच्या माणसाला लागते. कॅनडात अकरा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून असंही दिसलं, की महिला सर्जनांच्या रुग्णांना वर्षभरात होणारे त्रास थोडे कमी असतात. मुलींना दाराबाहेर ठेवून नुकसान कोणाचं होतं, ते यावरून समजावं.

कायदे आहेत का? पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालानंतर 2013 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती सक्तीची, ती नेमली नाही तर 50 हजारांपर्यंत दंड. रॅगिंगविरुद्ध राज्याचा 1999 चा कायदा: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याचं बंधन संस्थेच्या प्रमुखावर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम 2021 चे. कागद पुरेसे आहेत. कागद आणि वॉर्ड यांच्यातलं अंतर किती आहे, ते गोव्याच्या एका प्रकरणाने दाखवलं. गोवा विद्यापीठातल्या विभागप्रमुखावर विद्यार्थिनींनी केलेल्या तक्रारींची चौकशी समितीने इतक्या घाईत उरकली, की मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती रद्द ठरवून नव्याने करायला सांगावी लागली. त्याच निकालात न्यायालयाने देशभरच्या समित्यांची झाडाझडती घ्यायला सांगितलं आणि डिसेंबर 2024 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमून स्थानिक समिती उभी करण्यासाठी तारखा ठरवून दिल्या. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं.

कायद्यांना भोकंही आहेत. 2013 चा कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे, छळला जाणारा ज्युनियर मुलगा त्यात येत नाही. जातीवरून टोमणे मारणाऱ्याविरुद्ध थेट पोलिस ठाण्यात जाण्याचा मार्ग आहे, पण त्याआधी महाविद्यालयातच विश्वासाने जाता येईल अशी जागा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2012 चे समतेचे नियम कागदावर राहिले, म्हणून आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आई राधिका वेमुला या दोघी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी 2026 मध्ये आयोगाने नवे नियम काढले, त्यांवरून देशात वाद पेटला आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. दोन आया अजून वाट पाहत आहेत.

झाकपाकीची सवयही जुनी. 27 नोव्हेंबर 1973 ला केईएम रुग्णालयात, कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग चालत त्या विभागातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगाराने अत्याचार केला. त्या जवळपास 42 वर्षं खाटेवर पडून राहिल्या, 2015 मध्ये वारल्या. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरीबद्दल. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा त्याच्यावर लावलाच गेला नाही. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या निवासी महिला डॉक्टरवरच्या ऑगस्ट 2024 मधल्या बलात्कार आणि खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं, तेव्हाच्या आदेशात अरुणा शानबाग यांचं नाव पुन्हा आलं. ऑक्टोबर 2025 मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या तरुण महिला डॉक्टरचा मृत्यू झाला. तिने आधी लेखी तक्रार केलेली होती, हे नंतर उघड झालं. तक्रार पोचते. ती कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहते, हा प्रश्न आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात सगळी सर्जरी काही सरकारी महाविद्यालयात होत नाही. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड अशा गावांत खासगी नर्सिंग होम आहेत. वर सर्जनचं घर, खाली दहा-पंधरा खाटा, आठ-नऊ माणसांचा स्टाफ. इथे छळ झाला तर जायचं कुठे? सिस्टर, मावशी, रिसेप्शनवरची मुलगी यांचा मालकच तिथला सर्जन. आणि फोन आला की या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जाऊन भूल देणारी महिला भूलतज्ज्ञ तर कुणाचीच नोकर नसते. एका सर्जनशी बिनसलं की चार ठिकाणचे फोन बंद होतात. गाव लहान, सगळे एकमेकांचे वर्गमित्र. ती काय बोलणार?

कायद्याने तिचा विचार केलेला आहे, पण हे फार थोड्यांना माहीत असतं. 2013 च्या कायद्यात तक्रारदार स्त्री त्या जागी नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. रुग्णालय आणि नर्सिंग होम ही कामाची जागा म्हणून त्यात नावानिशी आहेत. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

मोठ्या महाविद्यालयात काय करता येईल, तेही अवघड नाही. प्रत्येक युनिटमध्ये कोणत्या निवासी डॉक्टरला कोणती केस कोणत्या तारखेला मिळाली, याची उघडी वही थिएटरच्या भिंतीला टांगावी. तीन महिन्यांनी ती अधिष्ठात्यांनी पाहावी. एकाच्या नावापुढे तीस आणि दुसरीच्या नावापुढे चार केसेस दिसल्या, तर कारण विचारावं. डावलणं अदृश्य असतं तोवरच ते चालतं. तक्रार करणाऱ्याला गाईड आणि युनिट बदलून मिळावं, तेही त्याच आठवड्यात आणि वर्ष वाया न जाता. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला त्या विद्यार्थ्याच्या परीक्षेत परीक्षक म्हणून बसू देऊ नये. चौकशी समितीत दुसऱ्या महाविद्यालयाचा माणूस असावा. महिला सर्जनांसाठी कपडे बदलायची खोली असावी, पाटीसकट. यातल्या एकाही गोष्टीला मुंबईहून निधी यायची वाट पाहावी लागत नाही. लागते ती विभागप्रमुखाची इच्छा, आणि ती नसेल तिथे अधिष्ठात्यांचा आदेश.

सर्जरीत आजही असे शिक्षक आहेत, जे ज्युनियरच्या हाताखाली आपला हात धरून टाका शिकवतात, चुकलं तर टेबलावर शांत राहतात आणि नंतर बाजूला घेऊन समजावतात. त्यांच्या युनिटमधून उत्तम सर्जन बाहेर पडतात. धाकाशिवाय शिस्त येत नाही, हा दावा त्यांनी रोजच्या कामाने खोटा पाडलेला आहे. या लढाईत पुढे यायला हवं ते त्यांनी. ज्युनियर एकटा उभा राहू शकत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही दवाखान्यात, थिएटरात, नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या ज्या बाईला हे सोसावं लागत असेल, तिने एवढं लक्षात ठेवावं: लेखी तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने आहे, सबळ कारण असेल तर ती आणखी तीन महिने वाढते आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करणं समितीवर बंधनकारक आहे. लिहिणं शक्य नसेल तर समितीने लिहायला मदत करायची आहे, असं कायदाच सांगतो. आणि मन पार खचलं असेल, मग ती बाई असो की पुरुष, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. फोन मराठीतही उचलला जातो, पैसे लागत नाहीत.